आधी तोंड बघा, मग नाव ठेवा: गळाला लागलेला गोड्या पाण्यातला मासा ओळखायचा कसा

उजनीच्या फुगवट्यावर एका फेब्रुवारीत माझ्या गळाला पहिला ‘मोठा’ मासा लागला. मोठा म्हणजे असेल अडीच-तीन किलोचा. सोनेरी झाक असलेले खवले, जाड ओठ, तोंडाशी मिशा. मी तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं: महसीर! फोटो काढला, घरच्या ग्रुपवर धाडला, अभिनंदनं यायलाही लागली. जवळच होडीत जाळं झटकत बसलेले एक मामा सावकाश उठून आले. बोलले काहीच नाहीत. माशाच्या पाठीवरचा पर उभा केला आणि त्याच्या पहिल्या जाड काट्याच्या मागच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं. कर्रर्र असा बारीक आवाज आला.

“करवत लागली का हाताला? सायपरनस हाय ह्यो. खडशीला करवत नसती, सायेब.”

सायपरनस म्हणजे सायप्रिनस, आपल्या धरणांतला कॉमन कार्प. आणि खडशी म्हणजे महसीर. ग्रुपवर दुरुस्ती टाकायला मला तीन दिवस लागले. पण त्या नखाच्या आवाजाने एक सवय लावली: मासा हातात आला की आधी तपासायचं आणि मगच नाव घ्यायचं. हा लेख नुकताच गळ हातात घेतलेल्यांसाठी आहे. महाराष्ट्रातल्या धरणांत, तळ्यांत आणि नद्यांत हमखास गोंधळात टाकणारे मासे कोणते, ते वेगळे कसे करायचे आणि त्या ओळखीमुळे पुढचा मासा धरण्यात मजा कशी वाढते, हे सांगतो. ओळख आणि मजा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं मला वाटत नाही. माशाचं तोंड बघून तो कुठे चरतो ते कळतं. तो कुठे चरतो ते कळलं की गळ किती खोल सोडायचा ते कळतं.

गळ टाकण्याआधी

हे थोडक्यात आटपतो, पण टाळू नका. आपल्याकडच्या बहुतेक धरणांत आणि तलावांत मासेमारीचा हक्क ठेक्याने दिलेला असतो, बऱ्याचदा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेला. हौशी माणसाने काठावर जाऊन त्यांना विचारायचं. बहुतेक ठिकाणी सरळ विचारलं तर सरळ उत्तर मिळतं, आणि कुठे मासा आहे हेही तेच सांगतात. अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतलं पाणी असेल तर विषयच संपला. धरणाच्या भिंतीखाली नदीपात्रात उतरू नका, पाणी कधी सोडतील ते तुम्हाला कळत नाही. आणि वरून विजेच्या तारा जात असतील तिथे कार्बनचा रॉड उभा धरून चालू नका. कार्बनमधून वीज जाते, हे दुकानदार सांगेलच असं नाही.

साहित्याचा बाऊ करू नका. सात-आठ फुटांचा मध्यम ताकदीचा रॉड, साधं स्पिनिंग रील, ०.३० मिलिमीटरच्या आसपासचं तंगूस, थोडं शिसं, एक-दोन बुचं, लहान-मध्यम गळ आणि हातजाळी. एवढ्यावर पहिलं वर्ष निघतं. रीलचा ड्रॅग, म्हणजे किती ओढ बसली की दोरी सुटेल ते ठरवणारा ब्रेक, मात्र घरूनच नीट लावून जा. तंगूस जेवढ्या वजनाला तुटतं त्याच्या साधारण पाव ते तिसऱ्या हिश्श्याच्या ओढीला रीलने दोरी सोडायला हवी. साधा ताणकाटा दोरीला अडकवून ओढला की हे मोजता येतं. नवख्यांचे बहुतेक मोठे मासे सुटतात ते ड्रॅग करकचून आवळल्यामुळे, आणि दोष मात्र तंगूसला जातो.

पहिली पायरी: रंगावर विश्वास ठेवू नका

गढूळ पाण्यातला रोहू फिका असतो, स्वच्छ आणि झाडोऱ्याच्या पाण्यातला गडद. तोच मासा विणीच्या दिवसांत आणखी वेगळा दिसतो, आणि पाण्याबाहेर दहा मिनिटं ठेवला तर त्याचा रंग पार उडतो. म्हणून रंग हा साक्षीदार, पण बेभरवशाचा. क्रमाने पाहायच्या गोष्टी पाच: तोंड कुठे वळलंय, ओठ कसे आहेत, मिशा किती, पाठीवरचा पर केवढा, आणि खवले केवढे.

तोंडापासून सुरुवात करा. तोंड वर वळलेलं असेल तर मासा वरच्या थरात चरतो. सरळ समोर असेल तर मधल्या पाण्यात किंवा जिथे मिळेल तिथे. खाली वळलेलं असेल तर तळाशी. याला अपवाद आहेत, पण नवख्याला एवढं पुरेसं आहे.

मिशा मोजताना घाई होते. काही मिशा एवढ्या बारीक असतात की तोंडाच्या कोपऱ्यातल्या खाचेत दडून बसतात. ओल्या बोटाने ओठाचा कोपरा हलकेच बाजूला करून बघा. मासा पाण्यातच, हातजाळीत ठेवून हे करता येतं.

दुसरी पायरी: कटला, रोहू, मृगळ

ही तीन भावंडं धरणांत एकत्र सोडली जातात, मंडईत एकाच टोपलीत येतात आणि नवख्याच्या वहीत एकाच नावाने जमा होतात. यांचा घोळ सुटला की अर्धं काम झालं.

कटला सगळ्यात सोपा. भलंमोठं डोकं, रुंद अंग आणि वर वळलेला जाड खालचा जबडा. सदा रुसल्यासारखा चेहरा. मिशा अजिबात नाहीत. तो वरच्या थरात तरंगणारे सूक्ष्म जीव खातो, म्हणून त्याच्यासाठी आमिष तळाशी टाकून बसणं म्हणजे वेळ घालवणं. बुच लावा, गळ तीन-चार फुटांवर ठेवा आणि वारा पाण्यावरचं सगळं ज्या काठाकडे ढकलत असतो त्या काठावर बसा. आमिष मऊ हवं, पाण्यात विरघळून ढग करणारं: भाताचा कोंडा, शेंगदाण्याची पेंड आणि थोडी कणीक. कटला झडप घालत नाही, शोषून घेतो. बुच एकदम बुडत नाही, तिरकं होतं, जरा सरकतं, कधी तर उलट वर येऊन आडवं पडतं. पहिल्या दिवशी मी ते वाऱ्याचं काम समजून बघत राहिलो होतो. लागल्यावर कटला जड वाटतो, पोतं ओढल्यासारखा. पळण्यापेक्षा तो वजनाने भांडतो.

आता रोहू आणि मृगळ. खरी परीक्षा इथे आहे. दोघेही लांबट, दोघांचे खवले सारख्याच आकाराचे, पार्श्वरेषेवर म्हणजे अंगाच्या मधोमध जाणाऱ्या छिद्रांच्या रेषेवर दोघांचेही साधारण ४० ते ४५ च्या दरम्यान. तेव्हा खवले मोजून काही हाती लागत नाही. ओठांकडे चला.

रोहूचे ओठ मांसल असतात आणि त्यांच्या कडेला झालर असते. खरोखरची झालर, गोधडीच्या कडेला असते तशी बारीक बारीक कातरलेली. ओल्या बोटाने ती जाणवते. मृगळाचा वरचा ओठ गुळगुळीत, सलग असतो आणि खालचा ओठ जवळजवळ नसल्यातच जमा. त्याचं नाकाड बोथट आणि तोंड रुंद. रोहूच्या मिशा ओठाच्या बाजूच्या खाचेत दडलेल्या, मृगळाच्या आखूड आणि नाकाडाजवळ. अंगाने मृगळ जास्त सडपातळ आणि चंदेरी. रोहूच्या खवल्यांवर लालसर ठिपका असतो आणि परही लालीकडे झुकतात. पण रंगाचं काय ते वर सांगितलंच आहे.

दोघं हातात असताना एकदा हे करून बघा: दोघांची तोंडं समोरून शेजारीशेजारी धरा. एकदा तो फरक डोळ्यांत बसला की पुन्हा चुकत नाही. मला वर्ष लागलं, कारण मी इतके दिवस मासे बाजूनेच बघत होतो. फोटोही बाजूनेच काढायचो.

रोहू मधल्या आणि खालच्या पाण्यात असतो, मृगळ अगदी तळाशी गाळात. त्यामुळे बुचाखाली गळ थेट तळाला टेकवला तर मृगळाची शक्यता वाढते, तळापासून हात-दीड हात वर ठेवला तर रोहूची. दोघांच्या चावण्यातही फरक आहे. मृगळ बारीक बारीक ओढतो, दोरीला कुणी टिचक्या मारल्यासारखं वाटतं. टिचकीला झटका दिलात तर गळ रिकामा येतो, दोरी सरळ निघाली की मगच उचला. रोहू जास्त ठाम असतो आणि लागल्यावर तिघांत सगळ्यात चांगला पळतो. दोन किलोचा रोहू काठाजवळ आला, जाळी दिसली आणि मग त्याने जी शेवटची धाव मारली, तीत माझे किती तरी मासे गेले. जाळी आधी पाण्यात बुडवून ठेवा आणि माशाला तिच्यावर आणा, जाळी घेऊन माशामागे धावू नका.

एक सूचना. या भावंडांत संकरही होतो, मत्स्यबीज तयार करतानाच कधी कटला आणि रोहू मिसळतात. डोकं एकाचं आणि ओठ दुसऱ्याचे असा मासा आला तर तुमचं काही चुकलं असं धरू नका.

तिसरी पायरी: परदेशी पाहुणे

कॉमन कार्प भारतात दोन खेपांत आला. १९३९ मध्ये निलगिरीत मोठ्या, मोजक्या खवल्यांचा मिरर कार्प आणि १९५७ मध्ये बँकॉकहून नेहमीच्या खवल्यांचा. आता तो आपल्या धरणांत घरचाच झालाय. ओळख तीन गोष्टींनी: मिशा चार, म्हणजे दोन जोड्या. पाठीवरचा पर लांबलचक, पाठीच्या मध्यापासून जवळजवळ शेपटीपर्यंत गेलेला. आणि त्या पराचा पहिला जाड काटा मागून दातेरी, मामांनी वाजवून दाखवलेली करवत. या करवतीत जाळीचे धागे अडकतात आणि ते सोडवताना शिव्या येतात.

कार्पचं तोंड पुढे नळीसारखं लांबतं. तो तळ उकरतो, बुडबुडे वर येतात. उथळ काठावर सकाळी बुडबुड्यांची रांग हळूहळू सरकताना दिसली तर तिच्या पुढे, अंदाजे तो पोहोचेल तिथे, मक्याचे दाणे किंवा कणकेची गोळी टाका. रांगेवर टाकलं तर तो निघून जातो. खेळायला कार्प उत्तम मासा आहे. चिवट आहे, हुशार आहे आणि लांबवर ओढतो. मी त्याला महसीर म्हटलं यात त्याचा अपमान नव्हता, उलट होता तर महसीरचा.

गवत्या आणि चंदेरा हे दोघे १९५९ मध्ये आले, गवत्या हाँगकाँगहून आणि चंदेरा जपानहून. गवत्या म्हणजे ग्रास कार्प: अंग गोल लाकडी दांड्यासारखं, तोंड समोर, मिशा नाहीत, पाठीवरचा पर छोटा, खवल्यांची कड काळपट. घाईत लोक याला रोहू म्हणतात. मिशा आणि झालर नाही हे पाहिलं की प्रश्न मिटतो. पाण्याकडेचं गवत कुरतडलेलं दिसलं तर तिथे तो आहे. चंदेरा म्हणजे सिल्व्हर कार्प: त्याचे डोळे चेहऱ्यावर इतके खाली असतात की मासा उलटा धरलाय असं वाटतं. खवले अगदी बारीक आणि पोटाखाली धारदार कड. लांबून त्याला कटला समजतात, पण कटल्याचे खवले चांगले मोठे असतात. चंदेरा पाणी गाळून सूक्ष्म वनस्पती खातो, गळाला क्वचितच लागतो.

चिलापी, म्हणजे टिलापिया, १९५२ मध्ये आणला गेला आणि आता उजनीसारख्या धरणात जाळ्यात तोच जास्त येतो. त्याला इतर कुठल्या माशाशी घोळण्याचं कारण नाही, पाठीवरच्या काट्यांची रांग लगेच टोचते. पण चिलापीतच दोन आहेत. शेपटीवर उभे पट्टे असतील तर नाईल टिलापिया, पट्टे नसतील तर मोझांबिक. विणीच्या दिवसांतला मोझांबिक नर काळा पडतो, गळा पांढरट आणि परांची कड लाल. बायको-मुलांना किंवा पहिल्यांदा येणाऱ्या मित्राला घेऊन गेलात तर चिलापीच धरा. छोटा गळ, गांडुळाचा तुकडा, काठापासून दोन-तीन हातांवर. अर्ध्या तासात बुच नाचायला लागतं. महसीरच्या आशेने दिवसभर पाण्याकडे बघत बसलेला नवखा दुसऱ्यांदा येत नाही, हे मी अनेकदा पाहिलंय.

चौथी पायरी: महसीर, म्हणजे आपली खडशी

सायक्स नावाच्या इंग्रज कर्नलने १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या या माशाचं वर्णन प्रसिद्ध केलं. शास्त्रीय नाव पडलं टॉर खुद्री. त्या नावात इथल्या बोलीचा आवाज अजून ऐकू येतो. आज पुण्याखाली ती नदी बघितली की हे खरं वाटत नाही. लोणावळ्याच्या वळवण तलावाजवळ १९७० च्या दशकापासून महसीरची पिल्लं तयार करून सोडण्याचं काम होत आलंय. आणि महाडजवळच्या वाळण कोंडीत देवाचे मासे म्हणून त्यांना कुणी हात लावत नाही. तिथे कुरमुरे टाकायला जा, गळ घरी ठेवा. पण महसीरचं तोंड आणि खवले डोळ्यांत भरून घ्यायला याहून चांगली जागा नाही.

खूण एकच सांगायची तर खवले. महसीरचे खवले प्रचंड मोठे असतात. पार्श्वरेषेवर जेमतेम पंचवीसच्या आसपास. कॉमन कार्पचे ३५ ते ३९, रोहूचे चाळिशीपार. म्हणजे सारख्याच लांबीच्या माशावर महसीरचा एकेक खवला जवळजवळ दीडपट. शंका आली तर कल्ल्याच्या झाकणापासून शेपटीपर्यंत ओल्या बोटाने मोजत जा, पंधरा सेकंदांचं काम आहे. बाकी खुणा: मिशा चार, ओठ जाड मांसल, पाठीवरचा पर आखूड आणि त्याचा काटा मजबूत पण गुळगुळीत. नख फिरवलं तर आवाज येत नाही.

जबड्यात दात नसतात, घशात असतात, आणि तिथे शिंपले-खेकडे चिरडण्याइतकी ताकद असते. महसीर वाहत्या पाण्यात, खडकाच्या आडोशाला, जोरकस धारेच्या कडेला उभा असतो. नाचणीच्या पिठाची घट्ट शिजवलेली गोळी ही कावेरीकाठची जुनी रीत, ती इथेही चालते. चमच्यासारखं कृत्रिम आमिषही घेतो. पण त्याची पहिली धाव! रॉड हातातून जाईल की काय असं वाटतं. त्या धावेत त्याला अडवू नका. ड्रॅग बरोबर लावला असेल तर फक्त रॉड उभा धरायचा आणि रीलचा आवाज ऐकायचा. माझ्या हातून आजवर एकच महसीर काठापर्यंत आलाय, जेमतेम दीड किलोचा. तेव्हा हात थरथरत होते, आणि खवले मोजायला मी दोनदा सुरुवात केली, दोनदा आकडा चुकला.

महसीर सोडून द्यायचा. यावर मला वाद घालायचा नाही.

पाचवी पायरी: मरळ

मरळीच्या कुळात गोंधळ आहे तो आकाराचा. चौघीही लांबट, डोकं सापासारखं चपटं आणि मोठ्या खवल्यांनी झाकलेलं, पाठीवर आणि पोटाखाली लांबलचक पर. लहान असताना चौघीही ‘मरळीचं पिल्लू’ ठरतात.

मोठी मरळ मीटरभर वाढू शकते. शेपटीच्या बुडाशी वरच्या बाजूला डोळ्यासारखा ठिपका, काळा आणि भोवती फिकट कडं. अंगावर काळे डाग आणि पांढरे शिंतोडे. पट्ट्यांची मरळ बहुतेक हाताएवढी मिळते. तिच्या अंगावर पोटाकडे उतरणारे तिरके पट्टे असतात, मोठी झाल्यावर शेपटीवर डोळा नसतो आणि पोट पांढरं. तिसरी ठिपक्यांची, फुटाच्या आतली, डबकी आणि भातखाचरांच्या कडेची. आणि चौथा ओढ्यातला वीतभर डोक: परांची कड नारिंगी, बाजूच्या परांवर पट्टे. हा पूर्ण वाढलेलाच असतो. त्याला मरळीचं पिल्लू समजून ‘मोठा हो बाळ’ म्हणत तळ्यात नेऊन सोडणारे मला भेटलेत.

मरळ हवेतला श्वास घेते, म्हणून तिला वर यावंच लागतं. शेवाळात किंवा कमळांच्या पानांत एखादा ‘प्लप्’ असा आवाज आला, वर्तुळ उमटलं, की जागा कळली. तिथे रबराचा बेडूक फेका, पानांवरून उड्या मारत ओढा. मरळ जी झडप घालते तिला तोड नाही, पाणी फुटतं अक्षरशः. आणि इथेच नवखा चुकतो: झडप दिसताच झटका देतो आणि बेडूक तोंडावर येऊन आपटतो. मनात एक-दोन-तीन म्हणा. दोरीला वजन जाणवलं की मग ओढा. जिवंत बेडूक वापरू नका, रबराचा तितकाच चालतो.

पाण्यावर लालसर पिल्लांचा थवा गोळ्याने वरखाली करताना दिसला तर त्याच्या खाली आई-बाप राखणीला असतात. रागाने ते काहीही चावतात, त्यामुळे धरणं सोपं. म्हणूनच तिथे गळ टाकायचा नाही. मोठे गेले की तासाभरात थवा इतर माशांच्या पोटात जातो.

सहावी पायरी: मिशाळ मंडळी, जरा जपून

शिंघाळा आणि शिवडा, दोघे बिनखवल्यांचे, गुळगुळीत, लांब मिशांचे. पाठ बघा. शिंघाळ्याच्या पाठीवर दोन पर असतात, पुढचा काट्याचा आणि मागचा मऊ चरबीचा, ज्यावर एक काळा ठिपका असतो. शिवड्याला चरबीचा पर नाही आणि पुढचाही पर अगदी इवलासा, बिनकाट्याचा. पोटाखालचा पर मात्र शेपटीपर्यंत लांबच लांब. शिंघाळ्याच्या मिशांच्या चार जोड्या, शिवड्याच्या दोन. आणि शिवड्याचं तोंड डोळ्यांच्याही मागे फाटलेलं, आत बारीक तीक्ष्ण दातांच्या पट्ट्या. त्याच्या तोंडात बोट घालून गळ काढायचा विचारही करू नका, पक्कड ठेवा. शिंघाळ्याचं दुखणं दुसरीकडे: छातीजवळचे काटे तो आडवे ताठ करून अडकवतो. पकड मागून पुढे, काट्यांच्या मागे अंगठा आणि बोट ठेवून घ्यायची.

दोघेही संध्याकाळनंतर चांगले लागतात, तळाशी ठेवलेल्या माशाच्या तुकड्याला.

शिंगी या छोट्या काळपट माशाशी मात्र खेळ नको. त्याच्या छातीच्या काट्यात विष असतं आणि कळ विंचवासारखी चढते. लागलंच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात धरा आणि डॉक्टर गाठा. आणि मोठाच्या मोठा, दोन हातांत न मावणारा मागूर गळाला लागला तर तो बहुधा ‘थाई’ मागूर असतो, मूळचा आफ्रिकेतला. आपल्याकडे त्याच्या पालनावर बंदी आहे. देशी मागूर इतका वाढत नाही. थाई मागूर पुन्हा पाण्यात सोडू नका. खरं तर कुठलाच मासा एका पाण्यातून उचलून दुसऱ्यात सोडू नका, मग तो डोक का असेना.

सातवी पायरी: हातात धरणं आणि सोडणं

माशाला हात लावण्याआधी हात ओले करा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि तोच त्याचं रोगापासून रक्षण करतो. दुपारी काठावरचा दगड तव्यासारखा तापलेला असतो, त्यावर मासा ठेवून फोटो काढू नका. कल्ल्यात बोटं घालून लटकवू नका. गळाची आकडी, म्हणजे टोकामागचा उलटा दात, पकडीने आधीच चेपून ठेवली असेल तर गळ एका झटक्यात निघतो. मासा सुटेल ही भीती खोटी आहे, दोरी ताणलेली ठेवली तर सुटत नाही. सोडताना मासा पाण्यात सरळ धरा, तोंड धारेकडे करून. तो स्वतःहून निसटेपर्यंत धरा. ढकलून देऊ नका.

पहिल्या पावसात नदी-ओढ्यांत चढणीचे मासे येतात. पोटात अंडी घेऊन प्रवाहाविरुद्ध निघालेले. गावोगावी त्यांची मौज असते आणि मला ती लहानपणापासून ठाऊक आहे, टोपली घेऊन मीही पळालोय. आता मी जून-जुलैत रॉड माळ्यावर ठेवतो. ज्याचं त्याने ठरवावं, पण अंड्यांनी फुगलेली मादी निदान परत सोडा.

फोटो तीन काढा: अंगाचा बाजूने, तोंडाचा समोरून, पाठीवरच्या पराचा उघडून. घरी जाऊन शंका आली तर हे तीन फोटो निकाल देतात. आणि एक वही ठेवा. तारीख, पाणी, किती खोल, आमिष, मिशा किती, ओठ कसे, करवत आहे की नाही, सोडला की नाही. नाव सगळ्यात शेवटच्या रकान्यात. माझ्या वहीत गेल्या मार्चची एक नोंद अशी आहे: “खोली ५ फूट, कोंडा-पेंड. बुच आडवं पडलं. मिशा एक जोडी, बारीक. ओठांना झालर आहे. पार्श्वरेषेवर ४१. डोकं कटल्याएवढं, अंग रुंद. साधारण दोन किलो. सोडला.” नावाच्या रकान्यात अजून प्रश्नचिन्ह आहे.